‘जोर’ म्हणजे नेमकं काय? कॅरम बोर्डावर बल, गती आणि संवेग मोजायची रीत

“मामा, जोर जास्त झाला!”

भाचीने मारलेली पांढरी सोंगटी समोरच्या पॉकेटात सरळ गेली आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरही आत. गेलेली सोंगटी परत बाहेर आली, वर दंडाची एक. पुढच्या खेपेला तिने सांभाळून मारलं, तर सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन अडली. “आता जोर कमी पडला.”

ती नववीत आहे. ‘गतीचे नियम’ हा धडा होऊन गेलेला, तिन्ही नियम तोंडपाठ. मी विचारलं, तू ज्याला जोर म्हणतेस ते बल, संवेग की ऊर्जा? थोडा विचार करून ती म्हणाली, “तिन्ही असेल.” यात तिची चूक नाही. ‘जोरात ढकल’ म्हणताना आपण बलाबद्दल बोलतो, ‘गाडी जोरात होती’ म्हणताना वेगाबद्दल, ‘जोरात आदळला’ म्हणताना संवेगाबद्दल नाहीतर ऊर्जेबद्दल. एकच शब्द सगळीकडे राबतो. मग व्याख्या पाठ होतात, पण डोक्यात चौघांचा मिळून एकच गोळा राहतो.

हा गोळा सोडवायला कॅरम बोर्डासारखी जागा घरात दुसरी नाही. सपाट पाट, घर्षण कमी, वस्तू मोजक्या, आणि धडक दर मिनिटाला. खाली दिलेले प्रयोग आम्ही मामा-भाचीने सुट्टीच्या दोन दुपारी केले. तुम्हीही क्रमानेच करा, कारण पुढच्या प्रयोगात मागच्याचा आकडा लागतो.

तयारी

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सोंगटीचं वजन ५ ते ५.५ ग्रॅम आणि स्ट्रायकरचं जास्तीत जास्त १५ ग्रॅम असतं. घरातला संच या मापाचा असेलच असं नाही, म्हणून वजन करून घ्या. सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा असला तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर नऊच्या नऊ पांढऱ्या एकदम ठेवा. ४८ ग्रॅम भरल्या तर एक सोंगटी ५.३ ग्रॅमची. एकेक सोंगटी त्या काट्यावर मोजू नका. एका ग्रॅमची चूक तिथे वीस टक्क्यांच्या घरात जाते.

बोर्ड समतल हवा. मध्यभागी आणि चार कोपऱ्यांजवळ आळीपाळीने काचेची गोटी ठेवून बघा. ज्या बाजूला ती घरंगळेल त्या बाजूच्या चौकटीखाली कागदाच्या घड्या सरकवा. याचा कंटाळा केलात तर पुढचे सगळे आकडे एका बाजूला झुकतील आणि कारण सापडणार नाही. मग बोरिक पावडर टाकून सुती फडक्याने सगळीकडे सारखी पसरा. पावडर डोळ्या-नाकात जाऊ देऊ नका, लहान मुलांना तोंडात घालू देऊ नका आणि शेवटी हात धुवा.

आता फोन. बहुतेक फोनमध्ये स्लो मोशनची सोय असते आणि तीत सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम घेतल्या जातात. फोन बोर्डाच्या मध्यावर बरोबर वर, निदान एक मीटर उंच, कॅमेरा सरळ खाली बघेल असा पक्का बसवा. दोन उंच स्टुलांवर आडवी फळी ठेवून तिच्या कडेला फोन बांधला तरी भागतं. बोर्डावर एका कडेला ३० सेंमीची फूटपट्टी ठेवा, म्हणजे चित्रातल्या अंतराचं माप मिळेल. उजेड दिवसाचा घ्या. आपल्याकडच्या विजेच्या पुरवठ्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशनच्या व्हिडिओत चित्र फडफडत राहतं.

एकदा फोनचीही परीक्षा घ्या. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावून त्याचं स्लो मोशन चित्रण करा आणि एका सेकंदात किती फ्रेम सरकतात ते मोजा. व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी या प्लेयरमध्ये उघडला तर ‘ई’ ही कळ दाबून एकेक फ्रेम पुढे नेता येते. सेकंदाला खरोखर २४० फ्रेम असतील तर दहा फ्रेम म्हणजे १० ÷ २४०, साधारण ०.०४२ सेकंद. तेवढ्या वेळात सोंगटी ४.२ सेंमी सरकली तर तिचा वेग सेकंदाला १ मीटर. पुढचं सगळं मोजमाप या एका भागाकारावर उभं आहे. पाचाऐवजी दहा फ्रेमचं अंतर घ्या. एक मिलिमीटरची चूक ४२ मिलिमीटरमध्ये फारशी बोचत नाही, २१ मिलिमीटरमध्ये बोचते.

पहिला प्रयोग : चालत्या सोंगटीत बल असतं का?

भाचीला विचारलं, सोंगटी निघाली आणि थांबायच्या आधी मध्ये कुठेतरी आहे, तेव्हा तिच्यावर पुढच्या दिशेने कोणतं बल आहे? ती म्हणाली, “बोटाने दिलेलं.” जवळपास सगळ्यांचं उत्तर हेच असतं. जणू बोटाने सोंगटीत जोर भरला, तो वाटेत संपत गेला आणि संपल्यावर सोंगटी थांबली.

यासाठी कॅमेराही लागत नाही. बोर्डाच्या एका बाजूखाली वह्या सरकवत जा आणि उतार हळूहळू वाढवा. दर वेळी सोंगटीला उताराच्या दिशेने हलकीशी टिचकी द्या. आधी ती थोडी सरकून थांबेल. उतार फार झाला की तिचा वेग वाढत जाईल. या दोहोंच्या मध्ये एक उंची अशी सापडते, की टिचकी दिल्यावर सोंगटी ना मंदावते ना वेग घेते, एकाच चालीने खालपर्यंत जाते. ही उंची शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. पावडर पुन्हा पसरावी लागली, एक वही काढून तिच्या जागी चार कागद घालावे लागले. पण ती सापडली तेव्हा भाची खाली वाकून, डोळा बोर्डाच्या पातळीत आणून बघत राहिली. सोंगटी अगदी शांतपणे, कोणी दोरीने ओढत असल्यासारखी खाली आली.

त्या क्षणी सोंगटीवर दोन बलं आहेत. उतारामुळे गुरुत्वाचा एक भाग तिला खाली ओढतो, घर्षण तिला तितक्याच बलाने मागे धरतं. दोन्ही समान, म्हणजे असंतुलित बल शून्य, आणि सोंगटी चालते आहे! न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिला नियम हाच. बलं संतुलित असतील तर वस्तू थांबलीच पाहिजे असं नाही. आहे त्या वेगाने ती जात राहते. बल लागतं ते वेग *बदलायला*, वेग *टिकवायला* नाही. सपाट बोर्डावर सोंगटी थांबते ती घर्षण मागे ओढतं म्हणून. आत भरलेलं काही संपलं म्हणून नाही. बोटाचं बल तर बोट सुटलं त्याच क्षणी संपलं.

आता उंची मोजा. समजा बोर्डाच्या दोन टेकूंमध्ये ८० सेंमी अंतर आहे आणि एक बाजू ४ सेंमी वर आहे. ४ ÷ ८० = ०.०५. हाच तुमच्या बोर्डाचा आणि सोंगटीचा घर्षण गुणांक. तो ९.८ ने, म्हणजे गुरुत्व त्वरणाने गुणा, ०.४९ येईल. सपाट बोर्डावर सरकणाऱ्या सोंगटीचा वेग दर सेकंदाला साधारण ०.४९ मीटर प्रति सेकंद इतका घटतो, असा याचा अर्थ. तुमचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा. मी पुढे समजण्याच्या सोयीसाठी ०.४९ धरतो आहे.

हा आकडा बरोबर आहे का हे तपासायची दुसरी वाट म्हणजे कॅमेरा. बोर्ड परत सपाट करा, सोंगटी मारा, निघतानाचा वेग मोजा आणि ती किती अंतरावर थांबली ते फूटपट्टीने बघा. वेगाचा वर्ग भागिले ऋण त्वरणाची (वेग घटण्याच्या दराची, इथे ०.४९ ची) दुप्पट, हे थांबेपर्यंतचं अंतर. ०.७ मीटर प्रति सेकंदाने निघालेली सोंगटी ५० सेंमी जायला हवी. वेग निम्मा, म्हणजे ०.३५ केला तर अंतर निम्मं होत नाही. ते एक चतुर्थांश, १२.५ सेंमी होतं. हा ‘वर्ग’ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. (रस्त्यावर दुप्पट वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावल्यावर चौपट अंतर का लागतं, तेही इथेच दिसतं. दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा करावा असं मला मनापासून वाटतं.)

जड सोंगटी लवकर थांबेल की उशिरा? दोन सोंगट्या दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवा. तळ तोच, वस्तुमान दुप्पट. त्याच वेगाने सोडल्या तर एकटीइतक्याच अंतरावर थांबतात. घर्षण दुप्पट झालं, पण अडवायचं वस्तुमानही दुप्पट झालं. बल = वस्तुमान × त्वरण, हा दुसरा नियम इथे दोन्ही बाजूंना दोनाने गुणला गेला, म्हणून त्वरण होतं तेवढंच राहिलं. स्ट्रायकर आणि सोंगटीची तुलना करून मात्र हा निष्कर्ष काढू नका. एक प्लास्टिकचा, एक लाकडाची, त्यांचं घर्षण वेगळं असू शकतं.

सोंगट्यांची चवड रचून खालची सोंगटी स्ट्रायकरने उडवायची गंमत सगळ्यांना माहीत असते. तिथेही गोष्ट वेळेची आहे. खालच्या सोंगटीचं घर्षण वरच्या चवडीला क्षणभरच मिळतं, तेवढ्यात तिचा वेग नगण्य बदलतो आणि ती जागच्या जागी खाली बसते. खालची सोंगटी बोटाने सावकाश सरकवलीत तर पूर्ण चवड तिच्याबरोबर येते.

दुसरा प्रयोग : सोंगटीवर सोंगटी

आता संवेग. व्याख्या सोपी आहे, वस्तुमान × वेग, आणि त्याला दिशा असते. ही दिशा विसरली की सगळं बिघडतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ साली टकरींचे नियम मांडले, पण दिशा बाजूला ठेवून फक्त आकारमान आणि चाल यांचा गुणाकार धरला, आणि त्याचे बहुतेक नियम चुकले. पुढे १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचा प्रश्न विद्वानांसमोर ठेवला तेव्हा वॉलिस, रेन आणि ह्युजेन्स या तिघांनी दिशा धरून उत्तरं दिली आणि गाडी रुळावर आली.

बोर्डाच्या मध्यावर एक काळी सोंगटी ठेवा. दोन फूटपट्ट्या समांतर ठेवून त्यांच्यामध्ये सोंगटी जेमतेम सरकेल अशी गल्ली करा आणि त्या गल्लीतून पांढरी सोंगटी काळीवर सरळ सोडा. धडक गल्लीच्या बाहेर, मोकळ्या जागेत व्हायला हवी. बोटाने दर वेळी तोच वेग येत नाही, याची काळजी करू नका. प्रत्येक खेपेचा आधीचा आणि नंतरचा वेग आपण मोजणारच आहोत आणि आपल्याला हवं आहे ते त्यांचं प्रमाण. धडकेच्या लगेच आधीच्या दहा आणि लगेच नंतरच्या दहा फ्रेम घ्या. उशीर केलात तर घर्षण मध्ये घुसेल.

सरळ बसलेल्या धडकेत पांढरी जवळजवळ जागीच थांबते आणि काळी जवळजवळ तिच्या वेगाने निघते. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, ते मोजा. दोघी एकमेकींपासून दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग, हे प्रमाण काढा. समजा ते ०.८ आलं. मग पांढरीकडे मूळ वेगाचा दहावा हिस्सा उरतो आणि काळी नऊ दशांश वेगाने जाते. बेरीज एक. वस्तुमान सारखं असल्याने संवेगाची बेरीजही होती तेवढीच राहिली.

यानंतर हाच प्रयोग काळीच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावून करा. आता पांढरी येऊन चिकटते आणि दोघी मिळून निम्म्या वेगाने पुढे जातात. संवेग पुन्हा तेवढाच: दुप्पट वस्तुमान, निम्मा वेग. पण ऊर्जा? गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो. दुप्पट वस्तुमान आणि निम्म्या वेगाचा वर्ग, म्हणजे दोन गुणिले एक चतुर्थांश. ऊर्जा निम्मी झाली! बाकीची ऊर्जा चिकटपट्टी दाबण्यात आणि उष्णतेत गेली.

भाचीने आकडे वहीत दोन रकान्यांत लिहिले होते. संवेगाचा रकाना धडकेआधी आणि धडकेनंतर थोड्याफार फरकाने सारखा, ऊर्जेचा रकाना अर्ध्यावर. ती म्हणाली, “म्हणजे हे दोन वेगवेगळे जोर आहेत.” बरोबर. युरोपातल्या विद्वानांनाही हे सुटं करायला बराच काळ लागला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६८६ साली देकार्तविरुद्ध लेख लिहून वेगाचा वर्ग धरायला हवा असं सांगितलं आणि खरा ‘जोर’ कोणता यावर तिथे कित्येक वर्षं वाद चालला. दोन्ही राशी आपापल्या जागी खऱ्या होत्या, शब्द मात्र एकच होता.

तिसरा प्रयोग : स्ट्रायकर आणि सोंगटी

आता गल्ली रुंद करा आणि त्याच पद्धतीने स्ट्रायकर सोडा. हिशेब सोपा राहावा म्हणून स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी ५ ग्रॅम आणि दूर जाण्याचं प्रमाण ०.८ धरू. स्ट्रायकर १ मीटर प्रति सेकंदाने आला, तर धडकेनंतर सोंगटी १.३५ मीटर प्रति सेकंदाने निघते आणि स्ट्रायकर ०.५५ ने तिच्या मागे चालत राहतो.

सोंगटी स्ट्रायकरपेक्षा वेगात! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा भाचीला वाटलं, मोजण्यात चूक झाली. तिने पुन्हा तीनदा चित्रण केलं. म्हणून पडताळून बघू. धडकेआधी संवेग १५ × १ = १५. धडकेनंतर स्ट्रायकरचा १५ × ०.५५ = ८.२५, सोंगटीचा ५ × १.३५ = ६.७५. बेरीज १५. (एकक ग्रॅम-मीटर प्रति सेकंद. परीक्षेत लिहिताना किलोग्रॅम करा.)

हेच आकडे आणखी एका बाजूने बघा. स्ट्रायकरने ६.७५ गमावलं, सोंगटीने ६.७५ मिळवलं. दोघांचा स्पर्श एकाच वेळी सुरू झाला आणि एकाच वेळी संपला. म्हणजे सोंगटीवर जेवढं बल होतं तेवढंच, उलट दिशेने, स्ट्रायकरवर होतं. तिसरा नियम पाठ करताना मुलांना नेहमी एक शंका येते: दोन्ही बलं समान असतील तर ती एकमेकांना रद्द का करत नाहीत? बोर्डावर उत्तर दिसतं. एक बल सोंगटीवर आहे, दुसरं स्ट्रायकरवर. रद्द व्हायचं तर दोन्ही एकाच वस्तूवर हवीत. आणि बल सारखं असूनही सोंगटी भन्नाट निघते, स्ट्रायकर थोडाच मंदावतो, कारण तिचं वस्तुमान एक तृतीयांश आहे.

ऊर्जेचं काय? वेगाचे वर्ग करून बघितलं तर मूळ ऊर्जेतली ९१ टक्के उरते. गेलेल्या ९ टक्क्यांत तो ‘टक्’ आवाज आहे, लाकडाची थरथर आहे, किंचित उष्णता आहे.

चौकटीला आदळल्यावर

इथे मला बल आणि संवेगबदल यांचं नातं दाखवायचं आहे. संवेगातला बदल = बल × वेळ. स्ट्रायकर २ मीटर प्रति सेकंदाने चौकटीवर आदळून १.४ ने परत फिरला, तर वेगातला बदल किती? ०.६ म्हणालात तर दिशा विसरलात. आधी +२, नंतर −१.४, म्हणून बदल ३.४. त्याला ०.०१५ किलोग्रॅमने गुणलं की ०.०५१. स्पर्श एक हजारांश सेकंद टिकला असं धरलं तर सरासरी बल ५१ न्यूटन येतं, पाच किलोच्या पिशवीच्या वजनाएवढं! आणि त्याच स्ट्रायकरला शून्यावरून २ मीटर प्रति सेकंदावर नेताना बोट एक शतांश सेकंद टेकलेलं असेल, तर लागतात फक्त ३ न्यूटन. स्पर्शाच्या वेळा इथे मी मानून घेतल्या आहेत. कठीण वस्तूंचा स्पर्श इतका क्षणिक असतो की २४० फ्रेमच्या कॅमेऱ्यालाही तो दिसत नाही. पण मुद्दा पक्का आहे: संवेगाचा बदल ठरलेला असेल तर वेळ वाढवा, बल कमी होतं. झेल घेताना हात मागे नेतात ते याचसाठी.

तिरका मार

कट मारताना सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेने जात नाही. स्पर्शाच्या क्षणी दोघांचे मध्य जोडणारी जी रेषा, तिच्या दिशेने जाते, कारण ढकलणारं बल जवळपास सगळं त्याच रेषेत असतं. सरावासाठी एक रीत सांगतो.

सोंगटी ठेवा. पॉकेटाच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी रेषा मनात पुढे वाढवा. त्या रेषेवर, पॉकेटाच्या उलट बाजूला, स्ट्रायकर सोंगटीला टेकवून ठेवा. आता स्ट्रायकरचा मध्य जिथे आहे ती जागा नीट बघून घ्या. तिथे पावडरीत बोटाचा ठिपका उमटवला तरी चालेल. स्ट्रायकर उचलून बेसवर आणा. तुम्हाला स्ट्रायकरचा मध्य त्या ठिपक्यावर पोचवायचा आहे. नजर सोंगटीवर नको, ठिपक्यावर हवी. नवशिके सोंगटीवर नेम धरतात आणि कट जाड बसतो, म्हणजे स्ट्रायकर हवा त्यापेक्षा जास्त समोरून लागतो.

स्ट्रायकरची त्रिज्या जास्तीत जास्त २.०६ सेंमी, सोंगटीची साधारण १.५५, म्हणजे दोन मध्यांत ३.६ सेंमी अंतर. सरळ मारात नेम एक मिलिमीटर चुकला तर सोंगटीची दिशा १.६ अंशांनी बदलते आणि ४० सेंमीवर ती ११ मिलिमीटर बाजूला जाते. ६० अंशांच्या कटमध्ये (सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेपासून ६० अंशांनी वळते तेव्हा) तीच एक मिलिमीटरची चूक दुप्पट होते, २२ मिलिमीटर. पॉकेटाचा व्यास ४४.५ मिलिमीटर. म्हणजे सोंगटीचा मध्य अगदी पॉकेटाच्या कडेवर. बारीक कट अवघड का, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. शिवाय ६० अंशांवर सोंगटीला वेगही सरळ मारापेक्षा निम्माच मिळतो, म्हणून लांबच्या बारीक कटला स्ट्रायकर वेगात सोडावा लागतो.

आणि तो आत जाणारा स्ट्रायकर

भाचीचा मूळ प्रश्न राहिला. सरळ मारात स्ट्रायकर आत जाऊ नये म्हणून काय करायचं? तिसऱ्या प्रयोगात दिसलं की धडकेनंतर स्ट्रायकर पूर्ण थांबत नाहीच, तो जड आहे. कितीही हळू मारा, सोंगटीला १.३५ आणि स्ट्रायकरला ०.५५ हे प्रमाण तेच राहतं. मग सुटका कशात आहे? पहिल्या प्रयोगातल्या वर्गात. थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने ठरतं. १.३५ ला ०.५५ ने भागलं तर साधारण २.४५ आणि त्याचा वर्ग सहा. म्हणजे स्ट्रायकरचं घर्षणही सोंगटीइतकंच धरलं, तर सोंगटी जितकं जाऊ शकते त्याच्या एक षष्ठांश अंतर स्ट्रायकर तिच्या मागे जातो.

पॉकेट सोंगटीपासून ३० सेंमीवर आहे असं धरा. सोंगटी जेमतेम तिथे पोचायची तर धडकेच्या वेळी स्ट्रायकरचा वेग ०.४ मीटर प्रति सेकंद पुरतो, आणि मग स्ट्रायकर फक्त ५ सेंमी पुढे येऊन थांबतो. वेग दुप्पट केला तरी तो २० सेंमीवर थांबेल. अडीचपटीच्या पुढे गेलात की तो सोंगटीच्या मागोमाग आत. ‘जेमतेम पोचेल’ आणि ‘स्ट्रायकर पडेल’ यांच्यामध्ये एवढी मोठी जागा मोकळी आहे. जेमतेमच्या दीडपट वेगाने मारलं तर सोंगटी अडत नाही आणि स्ट्रायकर ११ सेंमीवर उभा राहतो.

भाचीने सोंगटी ३० सेंमीवर ठेवली, स्ट्रायकर आणला आणि मारायच्या आधी बोर्डावर ११ सेंमीवर पेन्सिलने बारीक खूण केली. पहिल्या चार खेपांत स्ट्रायकर खुणेच्या पुढे-मागे थांबला, एकदाही आत गेला नाही. पाचव्या खेपेला खुणेला टेकला. मग तिने खूण पुसली, अंतर बदलून सोंगटी ५० सेंमीवर ठेवली आणि नवीन खूण कुठे येईल ते वहीत मांडायला बसली.